दौलताबादच्या दरवाजात इंटरकूलर

आमच्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं. म्हणूनच ती दुरुस्त करायचं ठरलं.

गाडी साधीच. सेकंडहँड, डिझेलवर चालणारी, पांढरी. ती टर्बोवाली आहे हे मला विकत घेतल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही मेहुण्यानं सांगितलं म्हणून. तोवर ती मला रोज चिकलठाण्याला कंपनीत सोडायची, रविवारी मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, औरंगपुऱ्यात साडी बदलायला न्यायची (आमच्याकडे साडी घ्यायला एक फेरी असते आणि बदलायला चार) आणि कुरकुर न करता परत यायची. इतकं सुख माणसाला फार दिवस सोसत नाही.

मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. सासरवाडीत माझी ओळख 'इंजिनिअर जावई' अशी आहे. मी ज्या विभागात काम करतो तिथं त्या सुट्या भागांसाठी लागणारे पुठ्ठ्याचे खोके येतात आणि ते ओले नाहीत ना, हे मी बघतो. पण निळा शर्ट कंपनीत सगळ्यांना सारखाच मिळतो. सासरवाडीत मला खोक्यांबद्दल कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सासरवाडी शेंद्र्याला. सासरे, तात्या, धनगराच्या घरातले, उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागं हिंडलेले. पुढं जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, चराईची रानं कारखान्यांच्या कुंपणाआड गेली, मेंढरं विकली. आता तात्या फरशीच्या नव्या घराच्या ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनर बघतात. काठी मात्र अजून हातात असते. घोंगडी खांद्यावर. बोलणं कमी. ज्या माणसाचं जन्मभर ऐकायला सहाशे मेंढरं होती, त्याला घरातल्या चार माणसांशी काय बोलावं हे सुचत नसणार.

त्यांचा मुलगा संतोष, माझा मेहुणा, त्याच वसाहतीत मशीनवर कामाला आहे. मशीनवर आठ तास घालवून घरी आला की तो मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ बघतो. एका संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना त्यानं मला विचारलं, की दाजी, तुमच्या गाडीचा इंटरकूलर कुठं आहे?

मी म्हणालो, आहे की जागेवर.

मग त्यानं समजावून सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. कोंबली की हवा तापते, तापली की पातळ होते आणि पातळ हवेवर इंजिनाचं पोट भरत नाही. म्हणून ती हवा आधी इंटरकूलरमधून गार करून न्यायची. इंटरकूलर हा दिसायला रेडिएटरचा चुलतभाऊ. रेडिएटर पाणी गार करतो, हा हवा. आमच्या गाडीत तो कंपनीनं बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवला होता.

"म्हंजी चुलीवर बसून पंख्यानं वारा घ्यायचा," संतोष म्हणाला. "त्यो समोर पायजे, बंपरच्या मागं. मोठा. समोरची हवा डायरेक लागली की गाडी पळती बघा."

मला गाडी पळवायची नव्हती. जालना रोडवर सकाळी बैलगाडीच्या वेगानं जाणाऱ्या माणसाला पळायला जागा कुठून येणार? मी नाहीच म्हणणार होतो. पण तेवढ्यात तात्यांनी कंटेनरवरची नजर काढून माझ्याकडं लावली.

"पाव्हणं, पोरगं म्हणतंय ते खरं हाय का?"

सासऱ्यासमोर 'मला माहीत नाही' म्हणायला जो मोठेपणा लागतो तो माझ्याकडे कधीच नव्हता. मी कप खाली ठेवला, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "तत्त्वतः बरोबर आहे."

तात्यांना 'तत्त्वतः' कळलं नाही, 'बरोबर' कळलं. झालं, ठरलं.

घाई करण्याला कारण होतं. संतोषचा साखरपुडा दसऱ्यानंतरच्या रविवारी होता. त्याचं लग्न जमवताना तात्या मेंढरांमागं चालले नसतील एवढं चालले होते. कुठं पोराची नोकरी कंत्राटी म्हणून नकार, कुठं मेंढपाळाचं घर म्हणून नकार. शेवटी खुलताबादच्या पलीकडच्या एका गावातली शीतल नावाची मुलगी पसंत पडली आणि तिनंही याला पसंत केलं. तिचे वडील मवाळ होते. घरातला शेवटचा शब्द तिच्या मोठ्या चुलत्यांचा, बळीरामकाकांचा. ते शहरात राहायचे आणि वेळेचे फार कडक होते. शीतलचं आधीचं एक स्थळ त्यांनी केवळ पाहुणे उशिरा आले म्हणून चहा पाजून परत लावलं होतं. अशा घरी जायचं, वाटेत घाट, तर गाडी कशी तोफेच्या गोळ्यासारखी चढली पाहिजे, असं नवरदेवाचं म्हणणं.

इंटरकूलर संतोषनंच आणला, भंगार बाजारातून. तो कुठल्या वाहनाचा होता ते त्याला सांगता येईना, पण ते वाहन आमच्या गाडीपेक्षा खूप मोठं असणार हे उघड होतं. तो उभा केला तर आमच्या देवघराएवढा होत होता. आम्ही तो चिकलठाण्यातल्या बब्बूभाईंच्या गॅरेजवर नेला. बब्बूभाईंनी असलं काम आधी कधी केलं नव्हतं. पण त्यांच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नाही. उद्या तुम्ही गाडीला शिडं लावायला सांगितलीत तरी ते कापड कुठलं एवढंच विचारतील.

"हौ, हो जाता," ते म्हणाले. "क्यों नई होता?"

इंटरकूलर गाडीत मावेना, तेव्हा गाडी इंटरकूलरला मावेल अशी करायचं ठरलं. बंपरचं तोंड कापलं. बंपरच्या मागं एक लोखंडी आडवी पट्टी असते, टक्कर झाली तर माणसं वाचावीत म्हणून. ती मध्ये येत होती, तीही काढली. धुक्यातले दिवे काढले (आमच्याकडे धुकं पडतंच कुठं, हा संतोषचा मुद्दा). हॉर्न आडवा येत होता, तो कुठंतरी आत कोंबला. जे जे मध्ये आलं ते ते बब्बूभाईंनी 'कंपनी ने फालतू लगाया' म्हणून एका गोणीत भरलं. संध्याकाळपर्यंत गोणीत इतकं जमा झालं, की आणखी एक गोणी भरली असती तर दुसरी गाडी तयार झाली असती.

मी निळा शर्ट घालून शेजारी उभा होतो. म्हणून मग बब्बूभाईंनी मोठ्या आदबीनं मला विचारलं, की इंजिनिअर साहब, हा पाइप डाव्या बाजूनं नेऊ का उजव्या?

मी दोन्हीकडं नीट वाकून बघितलं. मला काहीच कळलं नाही. मी म्हणालो, "मधून घ्या. खालून."

बब्बूभाई क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग 'वा' म्हणाले आणि पाइप मधून, खालून घेतला. पुढं जे घडलं ते या एका वाक्यामुळं घडलं. खोक्यांच्या विभागातला माझा इतक्या वर्षांचा निष्कलंक लौकिक बघता, हे माझं पहिलंच तांत्रिक योगदान म्हणायला हरकत नाही.

गाडी घरी आणली. मंगल दारात आली, गाडीच्या समोर उभी राहिली. कापलेल्या बंपरमधून तो जाळीदार ठोकळा चंदेरी चमकत होता.

"हिचे दात काढलेत का घातलेत?" तिनं विचारलं.

मी तिला गार हवा, दाट हवा, इंजिनाचं पोट वगैरे सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडी गप चालायची, आता दमेकऱ्यासारखी धापा टाकती. तिला पिकअप म्हणजे काय ते कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, पण संतोष शेजारी बसून दर वेळी 'जाणवतंय ना दाजी?' असं विचारायचा आणि मला दर वेळी जाणवायचं. हॉर्न मात्र खरोखर बदलला होता. तो आता आतून, लांबून, कोणीतरी करडू बांधून ठेवल्यासारखा वाजायचा. तात्यांना तेवढी एक सुधारणा मनापासून आवडली.

साखरपुड्याचा रविवार उजाडला. सासूबाई आणि बाकीची मंडळी फळांच्या टोपल्या घेऊन मोठ्या गाडीतून पुढं गेली. आमच्या गाडीत नवरदेव, मंगल, तात्या, अंगठी, शालू आणि मी. तात्या पुढं बसले. कपाळाला भंडारा, डोक्याला नवा फेटा, गुडघ्यांमध्ये काठी. घोंगडी घडी करून मांडीवर. संतोषनं कोट घातला होता. ऑक्टोबरच्या उन्हात कोट कशाला, असं मंगलनं विचारलं तर तो म्हणाला, एसी आहे ना.

एसी पडेगावपर्यंत होता.

मग काट्याकडं लक्ष गेलं. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा, जो इतकी वर्षं मध्यावर झोपलेला असायचा, तो उठून चालायला लागला होता. झालं असं होतं, की समोरची सगळी गार हवा तो देवघराएवढा ठोकळा एकटाच खात होता आणि मागं बिचाऱ्या रेडिएटरला त्याचं उष्टं मिळत होतं. टर्बोची हवा गार झाली असेलही, बाकी सगळी गाडी पेटायच्या बेतात होती. संतोषनं मागून सांगितलं, एसी बंद करा. केला. काटा चढतच राहिला. मग त्यानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलेला उपाय सांगितला.

"दाजी, हीटर लावा. फुल. इंजिनाची गरमी आतमधी येती, तेवढंच इंजिन थंड व्हतं."

उपाय खरा आहे. काटा खरोखर थोडा उतरला. शरणापूरच्या पुढं आम्ही चौघं, भर उन्हात, हीटर लावून, साखरपुड्याला निघालो होतो. संतोषचा कोट पाठीला चिकटला. मंगलनं शालूचा डबा उघडून झाकणानं वारा घेतला. ती काही बोलत नव्हती, आणि मंगल बोलत नाही तेव्हा मी आपोआप सावकाश गाडी चालवतो. तात्या तेवढे शांत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, पाव्हणं, हे गार करायचं यंत्र कवा सुरू व्हनार?

दौलताबादचा किल्ला ओलांडला की खुलताबादकडं जाणारा रस्ता एका जुन्या दगडी दरवाजातून जातो. एका वेळी एकच गाडी जाते, समोरच्यानं थांबायचं. कधीकाळी तिथून अंबारीसकट हत्ती जायचे म्हणे. हत्तींना रविवारी वेरूळला जायचं नसावं, म्हणून ते जमायचं. आता सुटीच्या दिवशी तिथं दोन्ही बाजूंनी अख्खा जिल्हा येऊन उभा असतो. आमचा नंबर आला. मी दरवाजात शिरलो. आत, बरोबर कमानीखाली, रस्त्याला एक उंचवटा आहे. आमची गाडी तो उंचवटा इतकी वर्षं न कळत ओलांडत आली होती.

या वेळी कळला. मधून, खालून घेतलेला पाइप त्याला आधी भेटला. पाइपनं इंटरकूलरला ओढलं, इंटरकूलरनं कापलेल्या बंपरला ओढलं, आणि तो बंपर नंबरप्लेटसकट खाली जाऊन पुढच्या चाकाखाली पाचरीसारखा बसला. पाइप सुटल्याचा आवाज बंद कमानीत असा घुमला, की वरची कबुतरं उडाली. काळा धूर भरला. गाडी ना पुढं ना मागं.

मी हॉर्न वाजवला. का वाजवला ते सांगता येणार नाही; माणूस अशा वेळी काहीतरी करतो. करडू ओरडलं. पुढच्या बाजूचे लोक हसले, मागच्या बाजूचे हसले नाहीत.

मंगलनं पदर डोक्यावरून घेतला आणि ती उतरून दरवाजाबाहेर एका झाडाखाली, आमच्याकडं पाठ करून जाऊन बसली, जणू ती दुसऱ्याच कुटुंबाबरोबर सहलीला आली होती. तात्याही धुराला वैतागून उतरले आणि पलीकडं सावलीला जाऊन टेकले. संतोष उतरायला निघाला, तर तिनं लांबूनच त्याला खुणेनं बजावलं, कपडे खराब करायचे नाहीत, आत बस. मग इंजिनिअर जावई रस्त्यावर पालथा झाला आणि बंपर सोडवायला गाडीखाली शिरला. बाहेर माझे फक्त पाय आणि त्यांच्या वरचा भाग उरला.

तेवढ्यात मागच्या गाडीतून कोणीतरी तावातावानं चालत आलं. मला फक्त पांढरं धोतर आणि चकचकीत वहाणा दिसल्या. आवाज मात्र ऐकू आला. कुणाची गाडी, कोण हा शहाणा, हे काय पुढं लटकवलंय, अक्कल कुठं गहाण ठेवली, लोकांना काही वेळकाळ आहे का नाही, आमच्या पोरीचा साखरपुडा आहे.

मी गाडीखाली आणखी थोडा आत सरकलो.

'आमच्या पोरीचा साखरपुडा' हे शब्द आत बसलेल्या संतोषनंही ऐकले होते. त्यानं काचेतून हळूच बघितलं, आणि बघताक्षणी तो दोन सीटच्या मधल्या जागेत, कोटासकट, गायब झाला. ते बळीरामकाका होते.

"नाव काय रे तुझं?" काकांनी माझ्या पायांना विचारलं.

पाय गप्प राहिले. मग मोबाइलनं फोटो काढल्याचा आवाज आला. काका म्हणाले, असला माणूस जगाला दाखवला पाहिजे. आणि ते परत गेले.

बंपर कसाबसा निघाला. पाच-दहा भल्या माणसांनी गाडी ढकलून दरवाजाच्या पलीकडं, एका हॉटेलाच्या अंगणात लावली. मला वाटलं, सुटलो. पण वाट मोकळी होताच दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम दरवाजात घुसल्या आणि एकमेकींच्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मध्ये मोटारसायकली, एक सीताफळांचा टेम्पो, सहलीची एक बस. कोणी मागं हटेना. पोलिसाला फोन करा, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

तेव्हा तात्या उठले.

त्यांनी आधी फेटा नीट केला. मग घोंगडी खांद्यावर टाकली, काठी आडवी धरली आणि दरवाजाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसतं बघितलं. वाड्यात मेंढरं कोंबताना कोणतं आधी आत गेलं की बाकीची मागं येतात, हे बघावं तसं. आणि मग त्यांनी हाळी दिली. मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तात्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. तो पोटातून निघाला, दगडी कमानीत गेला आणि दुसरीकडून दुप्पट होऊन बाहेर पडला. सगळे हॉर्न थांबले.

तात्यांनी बसच्या बॉनेटवर काठीनं टकटक केलं. "तू मागं." बस मागं सरकली. एका भल्यामोठ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. "तू बाजूला." ती बाजूला. जिभेनं टाळूवर आवाज काढत, काठीनं वाट दाखवत, त्यांनी आधी इकडच्या दहा-बारा गाड्या काढल्या, मग काठी आडवी घातली, मग तिकडच्या. कोणी घुसायला लागलं तर काठी चाकासमोर. कोणी वाद घातला नाही. गॉगल लावलेले, बडे, शहरी लोक खाली मान घालून एकामागं एक निघाले. बळीरामकाकांची गाडी गेली, तेव्हा काकांनी काच खाली करून तात्यांना हात जोडले आणि 'बाबा, देवासारखे भेटलात' असं म्हणाले. तात्यांनी त्यांनाही काठीनंच पुढं हाकललं. काका भेटले ते फक्त ठरवाठरवीच्या बैठकीत, आणि तिथं संतोषबरोबर तात्यांच्या वतीनं गावातले पुढारी गेले होते. व्याही व्याह्याला ओळखत नव्हता.

मी घड्याळ बघितलं. वेळेचे कडक काका आता आमच्या पुढं गेले होते.

वाट मोकळी झाली. तात्या हलेनात. मी जाऊन म्हणालो, तात्या, चला, उशीर होतोय. ते म्हणाले, थांबा, अजून येत्यात. मी म्हणालो, संतोषचा साखरपुडा आहे. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "व्हय व्हय, ह्यो कळप जाऊ द्या." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी मागं फिरून मंगलला बोलावलं. शेवटी मंगल आली आणि तिनं फक्त 'तात्या' एवढंच म्हटलं. त्यांनी काठी खाली घेतली, दरवाजाकडं एकदा वळून बघितलं आणि निघाले.

सीताफळांच्या टेम्पोवाल्याला तात्यांनी पहिल्यांदा वाट करून दिली होती. तो पलीकडं थांबून सगळं बघत होता; आपणहोऊन म्हणाला, बसा. तात्या आणि मंगल पुढं बसले. नवरदेव आणि मी मागं, सीताफळांच्या पाट्यांवर. टेम्पो घाट आरामात चढला. त्याला टर्बो नव्हता. संतोष वाटभर माझ्याकडं बघायचं टाळत होता आणि मी त्याच्याकडं. माझा शर्ट पुढून गळ्यापासून पोटापर्यंत काळा झाला होता. खाली उतरताच तात्यांनी आपली घोंगडी माझ्या अंगावर टाकली.

मांडवात पोचलो तेव्हा उशीर झालाच होता. पण तो सगळ्यांनाच झाला होता. निम्मे पाहुणे त्याच दरवाजात अडकले होते आणि बळीरामकाका मांडवाच्या मधोमध बसून त्याचीच हकिकत सांगत होते. आम्ही आत शिरलो. काकांनी तात्यांना बघितलं आणि ते उठून उभेच राहिले.

"अहो, हेच ते बाबा! मी सांगत होतो ते हेच."

सगळा मांडव तात्यांकडं बघायला लागला. काकांनी त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं. एवढ्या लोकांची वाट मोकळी करायला थांबलात, स्वतःच्या पोराचा साखरपुडा असून, असं म्हणून त्यांचे डोळे भरून आले. मेंढपाळाचं घर म्हणून कुठं कुठं नकार मिळालेला तो माणूस गादीवर लोडाला टेकून बसला होता आणि व्याही त्याला पाणी देत होता. संतोषला कोणी काही विचारलंच नाही. असल्या बापाचा मुलगा, एवढं पुरलं. शीतल आतून डोकावली, संतोषच्या कोटाला लागलेलं सीताफळाचं पान बघून हसली आणि पुन्हा आत गेली.

मी कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलो. आत घामाच्या धारा लागल्या होत्या. दोन म्हातारे एकमेकांना म्हणत होते, की बघा, इंजिनिअर असून घोंगडीची लाज नाही, संस्कार लागतात.

मग काकांनी तात्यांना विचारलं, की तुम्ही तिथंच होता, तो गाडीवाला कोण होता हो?

मी घोंगडी आणखी वर ओढली. तात्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"व्हता एक येडा," ते म्हणाले. "घरचा चांगला दिसत व्हता."

आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मंगलनं तोंडात पदर कोंबला.

एवढ्यावर भागलं नाही. काका माझ्याकडं वळले. जावईबापू, तुम्ही मोटार कंपनीतले, तुम्ही सांगा, माणूस चांगल्या गाडीला असलं काय काय का लावतो? माझ्याकडं दोन रस्ते होते. मी सोपा निवडला. मी सांगितलं, की असे लोक अर्धवट ज्ञानावर चालतात. कंपनी विचार करून एखादी वस्तू जिथं बसवते तिथून ती हलवायची नसते, रेडिएटरची हवा अडवायची नसते आणि पाइप तर मधून, खालून कधीच न्यायचा नसतो. बोलता बोलता मला त्या माणसाचा खराच राग यायला लागला. शेवटी मी म्हणालो, की असल्यांचा परवाना काढून घेतला पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. संतोष जमिनीकडं बघत होता. तात्या एकटक माझ्याकडं बघत होते. विभागात ओला खोका सापडला की मी त्याच्याकडं साधारण तसाच बघतो.

मग काकांनी मोबाइलवर मघाचा तो फोटो उघडला आणि मोबाइल हातोहात फिरायला लागला. दात विचकलेली, बंपर नसलेली गाडी, आणि तिच्याखालून बाहेर आलेले दोन पाय. पायात तपकिरी बूट, एकाची टाच उसवलेली. मंगल सावकाश उठली आणि बाहेर गेली. मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाऱ्यात तेच बूट पडले होते. ते तिनं शालूच्या रिकाम्या पिशवीत घातले आणि पिशवी काखेत मारली. निघताना मी अनवाणी. शीतलच्या आईनं काळजीनं विचारलं, तर मंगल म्हणाली, नवस आहे त्यांचा. बाईंनी मला तिथल्या तिथं नमस्कार केला.

अंगठ्या झाल्या, लग्नाची तारीख धरली. पुढच्या आठवड्यात बब्बूभाईंनी गोणीतला माल गाडीत परत बसवला, इंटरकूलर पुन्हा इंजिनाच्या डोक्यावर गेला आणि काटा मध्यावर जाऊन झोपला. लग्नही झालं. शीतल आता घरातलीच आहे आणि आमच्या त्याच गाडीतून बऱ्याचदा माहेरी जाते. तात्या सुटीच्या दिवशी संतोषच्या मागं लागून दौलताबादला जातात. किल्ला बघायला जातो म्हणतात, पण किल्ल्यात ते अजून एकदाही शिरलेले नाहीत.

आणि साखरपुड्याच्या संध्याकाळीच बळीरामकाकांनी दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर गट काढला. त्यात पडलेली पहिली गोष्ट म्हणजे तो फोटो. अजूनही दोन्हीकडं कोणी नवी गाडी घेतली, की काका 'सावध राहा' असं लिहून तो पुन्हा टाकतात. मी हातातलं काम सोडून सगळ्यांच्या आधी हसणारा चेहरा पाठवतो. उशीर केला तर लोकांना संशय यायचा.